एकाच छताखाली गुलाब आणि कार्नेशन नकोत

महोदय,

हरितगृहातील फुलशेतीविषयी लिहिताना गुलाब आणि कार्नेशन यांचा उल्लेख नेहमी जोडीने होतो, त्यामुळे दोन्ही पिके एकाच छताखाली सहज घेता येतात, असा नवख्या उत्पादकांचा समज होतो. तो वेळीच दूर व्हायला हवा. गुलाबाला रात्री साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर कार्नेशनला १० ते १२ अंश पुरेसे असते. त्यातच दिवसा आणि रात्री तापमानात मोठी तफावत पडली, की कार्नेशनच्या कळीचा हिरवा पेला एका बाजूने फाटतो, पाकळ्या त्या फटीतून बाहेर लोंबतात आणि एरवी निरोगी असलेले फूल प्रतवारीत खाली जाते. गुलाबावर दमट हवेत पाकळ्यांवर राखाडी बुरशी येते; तेथे वायुवीजनाला पर्याय नाही.

तोडणीनंतरच्या हाताळणीकडे तर अक्षम्य दुर्लक्ष होते. कार्नेशन पिकलेल्या फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूला अतिशय संवेदनशील असल्याने, शीतगृहात अशा फळांशेजारी ठेवलेल्या त्याच्या फुलांच्या पाकळ्या आत वळतात आणि ती अकाली मिटतात. हरितगृहाच्या सांगाड्याचा आणि प्लास्टिकच्या आच्छादनाचा सल्ला देणाऱ्यांनी उत्पादकांना हे सारे लागवडीपूर्वीच सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक फूलउत्पादक