ऑटिझमचं खापर आईवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या मोबाइलवेडावर लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यात जाता जाता एक वाक्य होतं की आई-वडील नोकरीत अडकलेत, मुलांशी बोलायला घरात कोणी नाही, म्हणून ऑटिझम (स्वमग्नता) वाढतोय. त्या वाक्याचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि खाली माझ्या भाचीच्या सासूबाईंनी फक्त एवढंच लिहिलं, "मी हेच सांगत होते." म्हणून हे पत्र.

भाचीचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान होऊन वर्ष झालं. ती खराडीला आयटीत, राहायला वाघोलीत, मूल सहा महिन्यांचं झाल्यावर कामावर रुजू झाली आणि पाळणाघर लावलं. झालं, एवढ्यावर नातेवाइकांनी निकाल लावून टाकला. तिच्या नवऱ्याचीही तशीच नोकरी आहे, तोही रात्री उशिरापर्यंत कॉलवर असतो, पण त्याला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

हे खापर आजचं नाही. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझम पहिल्यांदा नीट मांडला, आणि त्याच लेखात ही अडचण मुलात जन्मतःच असावी असंही लिहिलं. पण आई-वडील थंड स्वभावाचे आहेत हेही त्यांनी नोंदवलं आणि लोकांनी तेवढंच उचललं. पुढे ब्रुनो बेटलहाइमसारख्या नावाजलेल्या लेखकांनी तर आईच्या मायेच्या अभावाने मूल आत मिटून जातं हेच वर्षानुवर्षं सांगितलं, कित्येक आयांचं आयुष्य त्या अपराधी भावनेत गेलं. शेवटी 1969 मध्ये कॅनर यांनीच पालकांच्या सभेत तुमचा यात दोष नाही हे जाहीर सांगितलं. त्यालाही पन्नासच्या वर वर्षं होऊन गेली आणि वाघोलीत अजून तेच चाललंय.

जुळ्या मुलांच्या अभ्यासातून चित्र पालटलं. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या, निदान एकाला तरी ऑटिझम असलेल्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत एकातही नाही. घर तेच, आई तीच, मग फरक कुठून आला? जीन्समधून (जनुकांमधून), कारण एकसारख्या जुळ्यांत ती सारखीच असतात, वेगळ्या दिसणाऱ्यांत नाही. नंतर खूप मोठे अभ्यास झाले, 2019 मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिक वाटा साधारण 80 टक्के निघाला. आता हा आकडाही लोक चुकीचा वाचतात. एका मुलाचा ऑटिझम 80 टक्के जीन्समुळे आणि उरलेला 20 टक्के आईमुळे असा त्याचा अर्थ नाही! माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला बराचसा जनुकीय फरकांशी जोडलेला आहे, एवढंच तो सांगतो. आणि जीन्स म्हटलं की "मग तुमच्या माहेरचं काहीतरी असेल" असंही सुरू होतं, तेही चूक. बरेचसे बदल बारीक बारीक असतात, थोडेफार आपल्या सगळ्यांत असतात आणि आई-वडील दोघांकडून येतात. काही मुलांत तर बदल नव्यानेच झालेला असतो, आईत नाही, वडिलांतही नाही, आणि असे नवे बदल वडिलांचं वय वाढतं तसे वाढतात.

मग वातावरणाचं काय? ते आहेच, पण आपण समजतो तिथे नाही. फार लवकर झालेला जन्म, गरोदरपणात फिट्ससाठी घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे औषध, अशा गोष्टींनी धोका वाढतो. लसीने वाढत नाही, लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 1998 चा तो लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला हे कितीदा सांगायचं. माणसांच्या सहवासाबद्दल बोलायचं तर रुमानियाचं उदाहरण बघा. 1989 मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत मुलं महिनोन्महिने पाळण्यात पडून होती, कोणी उचलत नव्हतं, बोलत नव्हतं. ब्रिटनमध्ये दत्तक आलेली ही मुलं रटर यांच्याच टीमने तपासली तेव्हा साधारण 16 मुलांमागे एकात ऑटिझमसारखी लक्षणं दिसली, आणि चांगल्या घरात राहिल्यावर काहींची लक्षणं वयाबरोबर सौम्य झाली. म्हणजे इतक्या भयंकर हालअपेष्टांतही बहुतेक मुलांना ते झालं नाही. पाळणाघरात मावशी खिचडी भरवताहेत, गाणी म्हणताहेत, संध्याकाळी सातला आई घ्यायला येते, त्याची तुलना याच्याशी करायची?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जीन्स एका बाजूला आणि वातावरण दुसऱ्या बाजूला असं काही नसतं. मूल स्वतःच आपलं वातावरण थोडं थोडं घडवत असतं. 2013 मध्ये वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी दाखवलं की ज्या बाळांना पुढे ऑटिझमचं निदान झालं ती दोन महिन्यांची असताना इतर बाळांसारखीच डोळ्यांकडे बघत होती, आणि दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं कमी होत गेलं. 2017 मध्ये जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं की चेहऱ्यात कुठे आणि किती बघायचं यावरसुद्धा जीन्सची जबरदस्त पकड आहे. आता विचार करा, बाळ बघतच नाही, हसून उत्तर देत नाही, तर समोरचं माणूस किती वेळ बोलत राहणार? हळूहळू बोलणं कमी होतं, खेळ कमी होतात, आणि बाळाला जे जास्त मिळायला हवं तेच कमी मिळायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त गप्प झालेली आई दिसते आणि तो म्हणतो, बघा, हिच्यामुळेच. मोबाइलचंही तसंच. त्याने बोलायला उशीर होतो, झोप बिघडते, दोन वर्षांखाली तो नकोच, पण ज्या मुलाला चेहऱ्यांपेक्षा हलणारी चित्रं आवडतात ते मूलच स्क्रीनकडे जास्त ओढलं जातं, ही बाजू कोणी लिहीत नाही.

आणि इथेच करण्यासारखं खूप आहे. मी भाचीबरोबर थेरपीला जाते. मुलगा स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर फिरवत बसतो. आधी आम्ही सगळे "इकडे बघ, हा कुठला रंग, सांग ना सांग" असं त्याच्यामागे लागायचो. थेरपिस्टने भाचीला त्याच्या समोर पालथं पडून तोंड त्याच्या उंचीवर आणायला लावलं, दुसरं झाकण घ्या, फिरवा आणि गप्प बसा म्हणाली. बराच वेळ काही नाही. मग त्याचं झाकण आडवं पडलं, त्याने हिच्या झाकणाकडे पाहिलं, मग हिच्या तोंडाकडे, आणि स्वतःचं झाकण हिच्या हातात दिलं. हिने फक्त "फिरव" म्हटलं. घरी जाताना थेरपिस्टने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, त्यात त्याआधीही दोनदा त्याने चोरून वर बघितलेलं होतं, आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता रविवारी हा खेळ त्याचे बाबा खेळतात.

अशाच पद्धतीवर ऑस्ट्रेलियात 2021 चा अभ्यास आहे. 9 ते 14 महिन्यांची, सुरुवातीची लक्षणं असलेली 103 बाळं घेतली, निम्म्यांच्या पालकांना व्हिडिओ दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गटात 6.7 टक्के मुलांना निदान झालं, दुसऱ्या गटात 20.5 टक्के. अभ्यास छोटा आहे, त्यावरून ऑटिझम बरा होतो असं म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांबच राहा. पण जीन्स आहेत म्हणून हात टेकायचे हेही बरोबर नाही हे त्यातून दिसतं. गोव्यात आणि रावळपिंडीत पालकांना शिकवून मुलांसाठी करायची अशीच थेरपी डिग्रीवाल्या तज्ज्ञांऐवजी ट्रेनिंग दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी करून दाखवली, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले आणि पालक-मुलांमधला संवाद सुधारलेला दिसला. पुण्यात एकेका सेशनची फी बघता हे आपल्याकडे व्हायलाच हवं.

संपादकसाहेब, विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा. वर्षाचं बाळ हाक मारल्यावर वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही किंवा आलेले शब्द गेले, तर "मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही तसाच होता" म्हणत बसू नका, कान तपासून घ्या आणि मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवा. निदानाचा कागद हातात यायची वाट न बघता खेळायला सुरुवात करा, घरातल्या सगळ्यांनी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर सरकारी केंद्रं असतात, हे अंगणवाडीतल्या ताईंना ठाऊक असतं पण मोठ्या सोसायट्यांतल्या लोकांच्या गावीही नसतं, पुण्यातल्या केंद्राचा पत्ता आणि वेळ त्या चौकटीत जरूर द्या.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
कर्वेनगर, पुणे