‘जे आधी होईल ते’: कमी चालणाऱ्या गाड्या आणि इंजिनातला गाळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकाने तक्रार मांडली होती की, वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ऑइल गॅरेजवाले दरवर्षी बदलायला लावतात आणि ही ग्राहकाची शुद्ध लूट आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालो. माझे स्वतःचे गॅरेज नाही, तेव्हा कोणाचे ऑइल खपले काय आणि न खपले काय, मला त्यात लाभ नाही. तरीही त्या पत्राशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण आपल्या भागात जी गाडी सर्वांत कमी चालते तिच्याच इंजिनात बहुधा आधी गाळ धरतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आमच्या वाडीतील एका सेवानिवृत्त गुरुजींची पेट्रोल गाडी नऊ वर्षांत ३१ हजार किलोमीटर चालली होती. घरापासून देवरुखच्या बाजारपेठेपर्यंत चार किलोमीटर जायचे, भाजी आणि औषधे घ्यायची आणि परत यायचे, एवढाच तिचा नेम. पुस्तिकेत १० हजार किलोमीटर छापलेले आहे म्हणून गुरुजी ते १० हजार पुरे होण्याची वाट पाहत आणि मध्येच पातळी उतरली तर वरून थोडे ऑइल घालत. गेल्या वर्षी कोल्हापूरला जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाटाच्या चढणीवर ऑइलचा लाल दिवा लागला. त्यांनी थांबून ऑइलची पातळी मोजायची पट्टी काढून पाहिली, ऑइल वरच्या खुणेपर्यंत होते. तेव्हा दिव्याच्याच वायरमध्ये काहीतरी बिघडले असावे असे समजून त्यांनी गाडी तशीच पुढे रेटली आणि घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले.

इंजिनाच्या वरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, उघडले तेव्हा मी तिथे हजर होतो. आतून सगळीकडे आटवून करपलेल्या काकवीसारखा काळा थर बसला होता आणि तो बोटाने निघत नव्हता, पत्र्याच्या पट्टीने खरवडावा लागत होता. ऑइल साठते ते खालचे चेंबर उतरवल्यावर खरे कारण समोर आले. ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी, चहाच्या गाळणीत पत्ती साचावी तशी, जवळजवळ पूर्ण बुजली होती. चेंबरमध्ये ऑइल होते, पण ते पंपाला ओढता येत नव्हते. म्हणून पट्टीवर पातळी पूर्ण आणि वर क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगे कोरडी. दीड-दोन हजार रुपयांचे ऑइल आणि फिल्टर वाचवण्याच्या नादात दुरुस्तीचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. गुरुजींचा हिशेब चुकला असे तरी कसे म्हणावे, त्यांनी पुस्तिकेतले अर्धेच वाक्य वाचले होते.

हे घडते कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते. सकाळी गाडी चालू केल्यावर नळीच्या टोकाशी जे थेंब टपकतात ते हेच पाणी. मात्र थोडी वाफ, न जळलेले इंधन, काजळी आणि ज्वलनातले इतर वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटून खाली ऑइलमध्ये उतरतात. इंजिन चांगले तापले तर त्यातले पाणी आणि इंधन उडते आणि पीसीव्ही व्हॉल्व्हच्या वाटेने पुन्हा सिलिंडरमध्ये जळायला ओढले जाते. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन तेवढे तापतच नाही. समोरचा काटा मध्यावर आला की आपण निर्धास्त होतो, पण तो काटा रेडिएटरच्या पाण्याचे तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या बरेच मागून तापते, त्यासाठी गाडी वीसेक मिनिटे तरी सलग धावावी लागते. उरलेल्या पाण्यामुळे ऑइलमध्ये आम्ले वाढतात. ऑइल तयार करतानाच त्यात काही द्रव्ये मिसळलेली असतात, त्यांतली काही ही आम्ले मारतात तर काही काजळीच्या कणांना एकमेकांशी चिकटू न देता तरंगत ठेवतात. ही द्रव्ये हळूहळू खर्च होत जातात आणि ती संपली की तेच कण एकत्र येऊन टॅपेट कव्हरच्या आत, हेडच्या खोबणींत आणि चेंबरच्या तळाशी बसू लागतात. वरून लिटरभर नवे ऑइल घातल्याने पातळी भरते, साचलेली घाण मात्र जागच्या जागी राहते. पुस्तिकेत किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात आणि त्यापुढे ‘जे आधी होईल ते’ असे चार शब्द असतात, ते एवढ्यासाठीच. त्याच पुस्तिकेत मागे कुठेतरी बारीक अक्षरात असेही लिहिलेले सापडते की छोट्या फेऱ्या, धूळ, घाटरस्ते आणि जादा ओझे असेल तर ही मुदत आणखी कमी धरावी. आपल्याकडच्या किती गाड्या या वर्णनात बसत नाहीत, ते ज्याने त्याने पाहावे.

थंड देशांत हा त्रास अधिक असतो, हे मला मान्य आहे. परंतु आपण तो हाताने ओढवून घेतो, त्याच्या दोन तऱ्हा मला वारंवार दिसतात. पहिली चाकरमान्यांच्या घरची. गणपती आटोपून मुंबईला परतताना गावच्या भावाला सांगितले जाते की आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू करून ठेव, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. भाऊ बिचारा शिमग्यापर्यंत दर रविवारी इमानाने गाडी सुरू करतो आणि प्रत्येक वेळी आत थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल सोडतो, जे उडून जाण्याइतके इंजिन कधीच तापत नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत ताकासारखा पांढरट फेस धरलेला दिसतो तो यातूनच. (तसाच फेस हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाखालची जोडपट्टी, गेल्यावरही दिसतो, तेव्हा रेडिएटरमधले पाणी कमी होत नाही ना, हेही पाहावे.) त्यापेक्षा बॅटरीची तार सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा कोणीतरी जाणत्या माणसाने गाडी देवरुखहून संगमेश्वरपर्यंत नेऊन आणावी.

दुसरी तऱ्हा आमच्याच व्यवसायातली आहे, त्यामुळे लिहिताना संकोच वाटतो. घाटात गाडी गरम झाली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून देतात आणि गिऱ्हाईकही खूश होते, कारण त्यानंतर काटा वर चढत नाही. थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर तापवून योग्य तापमानावर टिकवणे हे आहे. तो काढल्यावर इंजिन कायम कोमटच राहते आणि एरवी वर्षभराने धरला असता तो गाळ सहा महिन्यांत धरतो. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप तपासावा, खराब थर्मोस्टॅट बदलून नवा बसवावा. मोकळी जागा ठेवू नये.

डिझेल गाड्यांविषयी एक स्वतंत्र गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. तो अधूनमधून स्वतःला तापवून साठलेली काजळी जाळून टाकतो आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा डिझेल सोडते. ही क्रिया चालू असतानाच आपण बाजारात पोहोचून गाडी बंद केली, आणि असे रोज होत राहिले, तर त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतो. मग पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. मालकाला वाटते, वा, गाडी थेंबभरही ऑइल खात नाही! प्रत्यक्षात ते ऑइल पातळ झालेले असते आणि किलोमीटर कितीही झालेले असोत, ते बदलायला हवे असते. केवळ रंग काळा झाला म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत असते.

हाच नियम समुद्रावरही लागू आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत नौका शाकारल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवल्या जातात, तेव्हा बहुतेक तांडेल (नौका चालवणारी) मंडळी ऑइल बदलण्याचे काम हंगाम सुरू होण्याच्या वेळेपर्यंत पुढे ढकलतात. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असते आणि तेच ऑइल दोन महिने भर पावसात इंजिनाच्या बेअरिंगांवर बसून राहते. नौका शाकारण्यापूर्वी इंजिन तापवून जुने ऑइल काढावे, नवे फिल्टर आणि नवे ऑइल घालून इंजिन थोडा वेळ फिरवावे आणि मगच बंद करावे. खर्च तेवढाच येतो, फक्त तो ऑगस्टऐवजी मेमध्ये होतो.

गाळ धरलेलाच असेल तर काय करावे, याचे उत्तर तो किती धरला आहे यावर अवलंबून आहे. ऑइल भरण्याच्या झाकणातून विजेरीने पाहिल्यावर आतले भाग तपकिरी, पण मोकळे दिसत असतील, तर चांगल्या दर्जाचे ऑइल घालून पुढचे दोन बदल हजार-दीड हजार किलोमीटरवर करावेत आणि दर वेळी फिल्टरही नवा टाकावा. ऑइलमधली स्वच्छ करणारी द्रव्येच तो थर हळूहळू सोडवतात. थर जाड असेल तर बाटलीतले फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुण्याचे द्रव, ओतण्याचा मोह टाळावा. त्याने गाळाची ढेकळे एकदम सुटतात आणि नेमकी पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. काल चालणारे इंजिन आज जाम होते. अशा वेळी चेंबर आणि टॅपेट कव्हर उतरवून ते भाग रॉकेलने हाताने धुवावेत, जाळी स्वच्छ करावी, इंजिनातली वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते पाहावे. काही ठिकाणी इंजिनात रॉकेल किंवा डिझेल भरून ते चालू ठेवण्याची जुनी पद्धत अजून आहे, ती मात्र बेअरिंगांच्या मुळावर येणारी आहे, कारण रॉकेलचा थर फिरत्या क्रँकचा भार पेलू शकत नाही.

येथे मी त्या पत्रलेखकाच्या बाजूने उभा राहतो. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीलाही प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये फ्लशचे पैसे लावले जातात, ती लूटच आहे आणि ग्राहकाने त्याला स्पष्ट नकार द्यावा. बिलात फिल्टर लिहिला असेल तर जुना फिल्टर मागून घ्यावा. नवे ऑइल डोळ्यांसमोर सीलबंद डब्यातून ओतून घ्यावे आणि रिकामा डबा तिथेच फोडावा, कारण अशा डब्यांत भेसळीचे ऑइल पुन्हा भरले जाते.

राहता राहिले काढलेले ऑइल. आपल्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून खांबांना आणि दारांना फासतात आणि उरलेले परसात किंवा वहाळात ओततात. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते, आणि आपला जांभा इतका सच्छिद्र आहे की परसात ओतलेले ऑइल शेजारच्या विहिरीत उतरायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे नगरपंचायतींनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी मे महिन्यात, नौका शाकारण्याच्या सुमारास, जेटीवर आणि बाजारपेठेत जुन्या ऑइलसाठी झाकणाची पिंपे ठेवावीत आणि ते ऑइल मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
देवरुख, जि. रत्नागिरी