चिवडा एक किलो, बिल तीन किलोचं

मा. संपादक, नमस्कार.

आम्ही धायरीत दोन खोल्यांत चिवडा-चकली करतो, मी, बायको आणि हाताखाली चौघीजणी. माल खपतो हो, डोकं फिरतं ते पाठवताना. परवा एक किलो चिवडा नागपूरला पाठवायचा होता, खोका ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटर, तर कुरिअरवाला म्हणे खोका मोठा नि हलका असला की वजन आकारावरून धरतात, लांबी-रुंदी-उंची गुणा, ५००० नी भागा, झाले ३ किलो! चिवडा फुगीर असतो हा काय आमचा गुन्हा? नुसती चकली पाठवावी तर पोचेपर्यंत भुगा. आता दोन्ही एकत्रच भरतो, चकली मधे आणि चिवड्याची पाकिटं चहूबाजूंनी, उशीसारखी.

ऑर्डरींचं तर विचारूच नका, निम्म्या व्हॉट्सअ‍ॅपवर, निम्म्या फोनवर, "मागच्यासारखंच द्या" एवढाच मेसेज, मागचं कोणाला आठवतंय, म्हणून बायकोने वही घातलीये, डब्यावर तळणीची तारीख, जुना डबा आधी बाहेर. आमचं आम्ही बघतो, पण कुरिअरवाल्यांनी हा ५००० चा हिशोब काउंटरवर मराठीत मोठ्या अक्षरात लावावा, खोका चिकटवून झाल्यावर सांगू नये.

– एक फराळवाला, धायरी, पुणे