ओळंबेवाल्या काकांना

आदरणीय काका, सा. न. वि. वि.

आभारबिभार मानायचे नाहीत, असं तुम्ही जिना उतरतानाच बजावलंत. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आता अडवून दाखवा.

मल्लखांबावरून उतरताना मुलांचे गुडघे किती आणि कुठल्या दिशेनं वाकतात, एवढंच मला हवं होतं. फिजिओथेरपिस्टला याहून जास्त काय हवं असणार? पण दोन कॅमेऱ्यांच्या सपाट चित्रांतून खोली काढायची, तर आधी त्या कॅमेऱ्यांना जागेची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी जी मंडळी आधी आली होती, त्यांनी चौकडीचा पुठ्ठा छातीच्या उंचीवर थोडा इकडेतिकडे फिरवला, पडद्यावर हिरवी खूण आली, चहा झाला, बिल आलं. पुढे काय, तर खांबाच्या टोकाशी गेलेल्या आमच्या मुलाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चांगला दोन बोटं लांब व्हायचा आणि खाली आला की पूर्ववत. फोन केला तर म्हणाले, खांबाच्या एरंडेलानं मुलाच्या अंगावर चिकटवलेले मार्कर, म्हणजे खुणेचे ठिपके, घसरले असतील. घसरलेला मार्कर मुलगा खाली आल्यावर आपोआप जागेवर येतो होय?

तुम्ही चित्रण एकदाच पाहिलंत आणि विचारलंत, "पुठ्ठा किती उंच नेला होता?" मी छातीकडे हात केला. "मग वरचं सगळं कॅमेरा मनानंच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोरे, ओळंबे आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातले मणी घेऊन हजर. खांबाभोवती आढ्यापासून जमिनीपर्यंत दोरे सोडलेत, ठरावीक उंचीवर मणी बांधलेत. ओळंबे पाण्याच्या बादल्यांत बुडवलेत, म्हणजे दोरे झुलायचे थांबतात. बडोद्याच्या मे महिन्यात पंखे बंद! मुलं कुरकुरली, तुम्ही हसून म्हणालात, "थई जशे", होऊन जाईल. झूमच्या कड्यावर कागदी पट्टी चिकटवलीत, वर सही ठोकलीत. ऑटोफोकस तर आल्याआल्याच बंद केला होतात.

अब्देल-अझीझ आणि करारा यांची 1971 ची डीएलटी (डायरेक्ट लिनियर ट्रान्सफॉर्मेशन) पद्धत, म्हणजे चित्रातल्या बिंदूंवरून खरी जागा काढायचं गणित, मी पुस्तकात वाचली होती. प्रत्येक कॅमेऱ्याचे 11 आकडे काढायचे, एक बिंदू 2 समीकरणं देतो, म्हणून जागा ठाऊक असलेले निदान 6 बिंदू हवेत, आणि ते सगळे एकाच सपाटीत नकोत. तुम्ही म्हणालात, सहावर थांबतो तो कंजूष. आणि लाल मणी हिशेबातून बाजूला ठेवलेत: "हे संगणकाला सांगायचे नाहीत. त्यानं आपल्याला सांगायचे."

पण काका, मला यातलं काहीच सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं नाही. मोजायची वेळ आली तेव्हा मी वही-पेन घेऊन उभी राहिले. लिहिणं आपल्याकडे, हे गृहीतच. तुम्ही टेप माझ्या हातात दिलीत, वही काढून घेतलीत आणि सतरंजीवर मांडी घातलीत. "तू मोज. मी लिहितो." बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षणसंस्थेच्या वर्कशॉपमध्ये घडलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस माझा कारकून झाला. मी सांगितलेला प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणून लिहायचात. माझा आवाज जरा डळमळला की पेन्सिल थांबायची, तुम्ही नुसते वर बघायचात, आणि मी पुन्हा मोजायचे. "एवढंही येत नाही?" हे वाक्य त्या दुपारी कुणी उच्चारलं नाही. मला ते इतक्या तज्ज्ञांकडून ऐकायची सवय आहे, की घरी जाताना चुकल्याचुकल्यासारखं झालं. शहाणी माणसं आपल्याला पुष्कळ भेटतात हो, समोरच्याच्या हातात टेप देणारी विरळा. व्यायामशाळावाल्या माणिकरावांच्या या गावात ती अजून आहेत, आणि बिल न ठेवता जातात.

लाल मण्यांच्या जागा संगणकानं काढल्या, त्या तुमच्या वहीशी दोन-चार मिलिमीटरांत जुळल्या. मुलाचा हात आता वर-खाली एकाच लांबीचा आहे. त्याच्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, आधी नव्हता का?

दोरे उतरवून गुंडाळून ठेवलेत. काकूंचे मणी धुऊन पाठवते. लाल तेवढे ठेवून घेते, दिवाळीनंतर कॅमेरे पुन्हा लावायचे आहेत. तुम्ही यायचंय, वही मात्र या खेपेला मी धरणार नाही, हे आत्ताच सांगते.

तुमची,
टेपवाली