दादा म्हणतो, गणू गडी आहे

प्रिय वश्या,

वर्ष उलटलं, पत्र नाही की फोन नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या जुन्या चाळींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की सगळीच खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. तुझ्या शिव्या ऐकायला फोन लावणार होतो. राहिलं. गुडघा आहे तसाच, शुगर ताब्यात.

विषय खालच्या जमिनीचा. दादाला ती विकायचीय. गिऱ्हाईक मुंबईचं, रिसॉर्ट काढणार. अडलंय गणूवर. नानी गेल्यापासून भात तोच लावतो, बांध तोच घालतो, निम्मं भात आमच्याकडे पोचवतो, निम्मं ठेवतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव कुठेच नाही. ई-पीक पाहणी आल्यापासून दादा पावसाळ्यात एकदा येतो, मोबाइलवर उभ्या पिकाचा फोटो काढतो, स्वतःच्या नावाने नोंद करतो आणि जेवून परत जातो. आता त्याला प्रतिज्ञापत्रावर माझी सही हवीय: गणू मजुरीवरचा गडी आहे, कूळ नव्हे.

कूळकायद्याचं कलम ४ काढून वाचलं. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जातो, मजुरीवरचा नोकर नाही. पण मजुरी पिकाच्या वाट्याने मिळत असेल, तर ती पळवाट बंद. सगळा खेळ त्या निम्म्या भाताचा.

आणि आठवला आपला जॉन लॉक, श्रमातून मालकी येते म्हणणारा इंग्रज तत्त्वज्ञ! ‘माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली ढेपं, दोन्ही माझी.’ हॉस्टेलात मी श्रमातून मालकी येते असं म्हटलं, की तू हेच तोंडावर फेकायचास. घाम नोकराचा, मालकी धन्याची! मी म्हणायचो, नोकराने श्रम विकलेत, करार आहे. ते मी अजूनही म्हणतो. (भिंतीवर त्या फ्रेंच अराज्यवादी प्रूदाँचं ‘मालमत्ता म्हणजे चोरी’ लिहिणाऱ्या तुझ्या ट्रंकेला कुलूप असायचं. आत चिवडा.) पण गणूने श्रम विकले कधी? तो तर वाटेकरी. म्हणजे लॉक घेतला तरी दादाचं कागदपत्र टिकत नाही.

दादा म्हणतो, मुळाशी जायला लागलास तर गावात एकाचाही सातबारा राहायचा नाही. जे चालत आलंय ते चालू दे. मालकी रूढीतून येते म्हणणारा तत्त्वज्ञ ह्यूम न वाचता ह्यूम बोलतो, बघ! फक्त मालकी कशाने ठरते याच्या ह्यूमच्या यादीत दीर्घ ताबाही आहे, तो नेमका गणूचा. आणि आजोबा १ एप्रिल १९५७ ला याच कूळकायद्याने मालक झाले ते ‘कसेल त्याची जमीन’ म्हणूनच ना? खोताच्या माणसांनी तेव्हा हेच सांगून पाहिलं होतं: हा आमचा गडी.

सही मी करणार नाही. दादाला अजून सांगितलेलं नाही. गणू काही मागत नाही, ही खरी पंचाईत. ‘विकताय तर कापणी होईपर्यंत थांबा,’ एवढंच म्हणाला.

मुक्ताची पीएचडी झाली म्हणे, शाबास सांग. वहिनींना नमस्कार. फ्लॅट घेतलास असंही कळलं, मालक!

दादा गणपतीला येतोय. त्याआधी फोन कर आणि मार्क्स बाजूला ठेवून सांग: माझ्या हिश्शाची निम्मी जमीन गणूच्या नावावर करतो म्हटलं, तर घरी कुठून सुरुवात करू?

तुझा,
मध्या