नाना, तो पहाटेचा शॉक तुम्ही सांगितला नाही

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर ॲब्लेशनचा, म्हणजे हृदयातली लय बिघडवणारी जागा जाळण्याच्या उपचाराचा, विषय काढला की नाना "बरं बरं, घे आईशी बोल" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. आई, रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून मोठ्याने वाच. नाना, मध्ये उठू नका.

गेल्या मंगळवारी नाशिकला छातीतलं, ठोके सुसाट सुटले की शॉक देणारं मशीन तपासून झालं, तुम्ही शर्टाची बटणं लावत बाहेर गेलात आणि डॉक्टरांनी मला थांबवलं. पडद्यावर पहाटे ३ वाजून ४० मिनिटांची नोंद होती. ठोके मिनिटाला १९६. मशीनने आधी स्वतः जलद ठोके देऊन ती लय मोडायचा दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही, मग शॉक दिला. तुम्ही आम्हाला फक्त बागेतला शॉक सांगितला होता, तोही सालदार सोबत होता म्हणून. आईला विचारलं तर म्हणाली, त्या सकाळी चहा गार झाला तरी तुम्ही हात लावला नाही, आणि विचारलं तर "माले काही व्हयनं नही" एवढंच बोललात. नाना, छातीत घोड्याने लाथ मारल्यासारखं होतं म्हणतात. ते एकट्याने अंधारात सोसलंत, शेजारच्या खाटेवर आई असताना. बसस्टँडवर मी तोंड फिरवून उभी होते, ते यामुळे.

आता दुखणं काय आहे ते सांगते. चार वर्षांपूर्वी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी अटॅक आला, तेव्हा पित्त समजून सोडा पिऊन रात्र काढली. गावातल्या डॉक्टरांनीही पित्ताचंच इंजेक्शन दिलं. जळगावला पोचेपर्यंत अकरा तास गेले होते. रिंग टाकली, रस्ता मोकळा झाला, पण तोवर हृदयाचा एक तुकडा मेला होता. त्या जागी आता चिवट डाग आहे. डागातून ठोके चालवणारी वीज जात नाही, पण त्यात मधूनमधून जिवंत तंतू उरलेत, बांधातल्या उंदराच्या बिळांसारखे. वीज त्या बिळात शिरते, हळूहळू सरकत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते, आणि तोवर भोवतालचा स्नायू पुन्हा वीज घ्यायला तयार झालेला असतो. मग तीच वीज गोल गोल फिरत राहते आणि हृदय सुसाट सुटतं. मशीन बांध फुटल्यावर धावून येतं. बीळ बुजवणं त्याचं काम नाही. ते काम ॲब्लेशनचं.

तुम्ही म्हणालात, "या वयात चिरफाड कशाला?" छाती उघडत नाहीत, नाना. जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात. एकेका जागेला टोक टेकवून तिथली वीज मोजतात आणि संगणकावर हृदयाचा नकाशा उभा राहतो. डॉक्टरांनी मला एक जुना नकाशा दाखवला. निरोगी भाग जांभळा, मेलेला भाग लाल. मला वाटलं होतं उलटं असेल. लालच्या कडेकडेने जिथे ती बिळं सापडतात, तिथे टोक तापवून ती जागा जाळतात. टोक फार तापू नये म्हणून त्यातून सलाईन झिरपत राहतं, अगदी आपल्या केळीच्या ठिबकसारखं. चार-पाच तास लागू शकतात. नंतर काही तास पाय न वाकवता उताणं पडायचं, हेच तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाभोवती रक्त साचू शकतं, क्वचित लकवा होतो, जीवही जातो. पुन्हा करावं लागू शकतं. मशीन तर राहणारच आहे. पण २०१६ साली २५९ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे तुमच्यासारखेच: अटॅक येऊन गेलेले, मशीन बसवलेलं, गोळ्या चालू असूनही लय बिघडणारी. ज्यांच्या गोळ्या वाढवल्या, त्यांच्यात शंभरातल्या साधारण ६८ जणांना पुढे शॉक, एकाच दिवसात लय पुन्हा पुन्हा बिघडणं किंवा मृत्यू यातलं काहीतरी झालं. ॲब्लेशन केलेल्यांत ५९. मृत्यूच्या आकड्यात ठळक फरक नव्हता, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. मला ६८ आणि ५९ मधला फरक लहान वाटत नाही. ती पहाट टळावी, एवढंच मला हवंय.

आणि गोळ्या वाढवायच्या म्हणजे ॲमिओडॅरोन वाढवायची. तिनेच तुमचा थायरॉईड बिघडला. दिवसभराची मरगळ त्याचीच असणार. कपाळ नि मनगटं काळवंडलीत, त्यातही तिचा हात आहे. ऊन सोसत नाही त्या गोळीने, आणि आपल्याकडचं ऊन! तरी आई, "उष्ण पडते" म्हणून अर्धी तोडून देऊ नकोस. डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची. कोरडा खोकला लागला किंवा दम लागायला लागला तर मला लगेच कळव.

आई, तुला एक वेगळं सांगायचंय. शॉक तुलाही लागेल या भीतीने तू नानांच्या जवळ झोपत नाहीस, ते मावशीकडून कळलं. त्या क्षणी त्यांचा हात तुझ्या हातात असला तरी फार तर झिणझिण्या येतील, तुला इजा होणार नाही. धर त्यांचा हात. एक शॉक बसला आणि बरं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन बसले, चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर कुणाची वाट न बघता १०८.

केळीच्या कांदेबागेची लागवड आटोपली की बघू, असं नानांचं चाललंय. लागवड दादा बघतील, मी बोलले आहे. पैशांचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय, त्यावर चर्चा नको. पुढच्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रविवारी चोपड्याहून सकाळची एसटी धरा. रिंग टाकल्याची फाईल, मशीनचं कार्ड आणि सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने नको.

भरीताची वांगी आणलीत तर आणा. मी स्टँडवर उभी असेन.

तुमची,
बेबी