ज्युरीच्या उगमाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंग्लंडमधील वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने बारा पंचांची ज्युरी सुरू केली आणि पुढे मॅग्ना कार्टाने, म्हणजे राजा जॉनच्या 1215 च्या सनदेने, तिला प्रजेचा हक्क म्हणून मान्यता दिली, असे तू लिहितोस. ही समजूत खुद्द इंग्लंडमध्येही फार काळ चालत आली. परंतु त्या काळचे कायदे वाचले की तिला आधार मिळत नाही, आणि जे हाती लागते ते मला या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे वाटते. म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीतील सर्वांत जुना ज्ञात कायदा केंटचा राजा एथेलबर्ट याचा, सुमारे इ. स. 600 चा. रॉचेस्टरच्या कॅथीड्रलसाठी बाराव्या शतकात तयार झालेल्या एकाच हस्तलिखितामुळे तो आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. गुन्हा कोणी आणि कसा सिद्ध करायचा, याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. आहे तो भरपाईचा तक्ता. कान कापला तर 12 शिलिंग, डोळा फोडला तर 50, हाताचा अंगठा तोडला तर 20, त्याचे नुसते नख गेले तर 3, आणि सामान्य स्वतंत्र माणसाचा जीव घेतला तर 100. अनेकांना हा तक्ता रानटी वाटतो, मला तसे वाटत नाही. ज्या समाजात एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने घेतला जात असे, तेथे पैसे घेऊन वैर मिटवण्याची वाट खुली ठेवणे हे शांततेच्या दिशेने टाकलेले मोठे पाऊल होते. आल्फ्रेडचा नवव्या शतकाच्या अखेरचा कायदाही याच चिंतेतून आला आहे. दहा आज्ञांपासून आरंभ करणारा हा राजा, स्वतःचे फारसे काही नव्याने लिहिण्याचे आपण धाडस केले नाही असे सांगतो. पण शत्रू घरात आहे हे ठाऊक असले तरी आधी न्याय मागितल्याशिवाय त्याच्यावर चालून जाऊ नये, असे तो बजावतो. ज्युरीचा मात्र त्यात उल्लेख नाही.

मग निकाल कसा लागे? आरोपी शपथ घेई आणि ठरलेल्या संख्येचे साहाय्यक त्याच्या बाजूने शपथ घेत. घटना आपण पाहिली असे ते म्हणत नसत. या माणसाची शपथ निर्मळ आहे, एवढेच ते सांगत. ज्याच्या शपथेवर विश्वास नसे, त्याला दिव्य करावे लागे. तापलेले लोखंड हातात घेऊन नऊ फुटांचे अंतर चालायचे, हात बांधून मोहोरबंद करायचा आणि तिसऱ्या दिवशी जखम चिघळली आहे का ते पाहायचे. किंवा धर्मगुरूने मंत्रवलेल्या थंड पाण्यात उतरायचे, बुडाला तो निर्दोष आणि तरंगला तो दोषी. म्हणजे अखेरचा निर्णय देवाचा, माणसाचा नव्हे.

बारा जण प्रथम स्पष्टपणे दिसतात ते एथेलरेड राजाच्या वाँटेज येथील कायद्यात, सुमारे 997 साली. डेन लोकांनी वसवलेल्या प्रदेशासाठी केलेल्या या कायद्यानुसार बारा प्रमुख थेन म्हणजे जमीनदार सरदार राजाच्या कारभाऱ्याबरोबर पुढे येऊन पवित्र अवशेषांवर हात ठेवत आणि निरपराध्यावर आरोप करणार नाही, अपराध्याला लपवणार नाही, अशी शपथ घेत. ज्युरीचे मूळ येथे मानावे की 1066 मध्ये फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी आणलेल्या फ्रँक राजांच्या शपथपूर्वक चौकशीत, यावर कायद्याचा इतिहासकार हाइनरिश ब्रुनर याने 1872 मध्ये दुसरी बाजू मांडल्यापासून विद्वानांत वाद चालू आहे. माझ्या मते एकच मूळ शोधण्याचा हट्ट व्यर्थ आहे. दोन्हीकडे मुद्द्याची गोष्ट एकच दिसते: सत्ता शेजाऱ्यांना शपथेवर बोलायला लावते. वाँटेजचे बारा जण आरोप करतात, निकाल देत नाहीत.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने 1166 मध्ये क्लॅरेन्डन येथे हीच सक्ती राज्यभर लागू केली. प्रत्येक हंड्रेडमधील, म्हणजे गावांच्या गटातील, बारा विश्वासार्ह माणसांनी आणि प्रत्येक गावच्या चौघांनी आपल्या भागातील दरोडेखोर, खुनी आणि चोर कोण ते शपथेवर सांगायचे. ज्यांची नावे येत त्यांना पाण्याच्या दिव्याला सामोरे जावे लागे. आणि दिव्यात निर्दोष ठरलेला माणूसही फारच बदलौकिकाचा असेल, तर त्याने देश सोडायचा. हा हक्क नव्हता, हे राजाने लादलेले कर्तव्य होते.

निकाल देणारी ज्युरी आली ती चर्चने माघार घेतल्यामुळे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या महासभेने, धर्मगुरूंना दिव्यांवर आशीर्वाद देण्यास मनाई केली आणि न्यायालयांकडे आरोपी उरले, पण निकालाची रीत उरली नाही. 1219 मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने न्यायाधीशांना जो आदेश गेला, त्यात गंभीर गुन्ह्याच्या संशयितांना कैदेत ठेवण्यास सांगितले आहे. ज्युरीला विचारा, असे त्यात कोठेही नाही. न्यायाधीशांनीच हळूहळू त्याच शेजाऱ्यांना पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली: हा दोषी आहे का? देवाच्या जागी माणसांना बसवताना त्यांचे मनही कचरत असावे, कारण आरोपीची संमती आवश्यक मानली गेली. ती मिळवण्यासाठी 1275 च्या कायद्याने कठोर कैद आणली आणि तिचे पुढे अंगावर वजने रचण्याच्या छळात रूपांतर झाले. दोषी ठरल्यास मालमत्ता जप्त होई. म्हणून काही जण संमती न देता, मुलांच्या वारशासाठी दगडांखाली मुकाट्याने मेले. हा प्रकार 1772 पर्यंत कायद्यात राहिला. हे मी कधीही थंडपणे वाचू शकलेलो नाही.

तुला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य नंतरचे आहे. 1670 मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना दोषी ठरवण्यास नकार देणाऱ्या ज्युरीला उपाशी कोंडून ठेवले गेले आणि पुढे दंड ठोठावण्यात आला. त्या ज्युरीतील एडवर्ड बुशेलने दंड न भरता तुरुंग पत्करला. त्याची सुटका करताना मुख्य न्यायाधीश वॉन यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की ज्युरर त्याच परिसरातील असल्यामुळे न्यायाधीशाला ठाऊक नसलेले काही त्यांना स्वतःला ठाऊक असू शकते, आणि म्हणून वेगळ्या निकालासाठी त्यांना शिक्षा करता येत नाही. शेजाऱ्याची जी माहिती दुसरा हेन्री सक्तीने वसूल करत होता, तीच येथे सत्तेला थोपवण्याचा आधार झाली. तू कायद्याचा माणूस आहेस; वॉन यांचा हा युक्तिवाद तुला कितपत पटतो, ते अवश्य लिही.

तुझा स्नेहांकित मित्र